आईंचा अंगठा कुठं जातो ते आधी बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला: आई तासगावला, वय ६८, तुम्ही नोकरीला पुण्यात. दिवाळीत त्यांना नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिलात. त्यात खालची तीन बटणं नाहीत, मागे यायचं तर कडेवरून बोट ओढायचं. दोन दिवसांत आई वैतागल्या, आता "माझा जुना दे" एवढंच म्हणतात. शिकवत राहावं की फोन बदलावा?

फोन बदलू नका दादा. तीन बटणं त्याच फोनात आहेत, नुसती झाकून ठेवलीत. सॅमसंग असेल तर सेटिंग्ज, डिस्प्ले, नेव्हिगेशन बार, आणि तिथं 'बटणं' निवडा. गूगलच्या पिक्सेल फोनात सिस्टिममध्ये नेव्हिगेशन मोड म्हणून सापडेल. बाकी कंपन्यांनी हे कुठंकुठं दडवलंय ते लिहीत बसले तर रात्र होईल. सेटिंग्जच्या वर शोधायची पट्टी असते, तिथं 'नेव्हिगेशन' लिहा, येईल समोर. दोन मिनिटांचं काम आहे.

पण दोन मिनिटांत ते करून तुम्ही पुण्याची गाडी पकडलीत, तर आठवड्याने पुन्हा फोन येईल. कारण बटणांची बाजू. सॅमसंगवर 'मागे' उजवीकडे असतं, पिक्सेलवर डावीकडे. आईंचा जुना फोन एका पद्धतीचा आणि नवा दुसऱ्या पद्धतीचा असला, तर बटणं आणूनही त्या चुकीचंच दाबणार. सॅमसंगमध्ये आणि इतर बऱ्याच फोनांत बटणांचा क्रम उलटा करता येतो, तो जुन्यासारखा करून घ्या.

आमचं सांगलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा सोल्डरिंगला बसतो, मी काउंटरला. "फोन बिघडलाय" म्हणून येणाऱ्या वयस्कर माणसांतल्या कितीतरी जणांचा फोन ठणठणीत असतो. गेल्या उन्हाळ्यात मिरजेच्या एक काकी आल्या. तक्रार अशी, की फोन आपोआप नातेवाइकांना काहीबाही पाठवतो. म्हटलं, व्हॉट्सॲप उघडा, कुणाचाही मेसेज वाचा, आता बाहेर या. काकींचा अंगठा बघायच्या आत उजव्या खालच्या कोपऱ्यात गेला. टक, टक, आणि तिसऱ्यांदा रागाने जरा दाबून. त्यांच्या आधीच्या फोनात 'मागे' तिथं होतं. नव्या फोनात खालची बटणांची पट्टीच नाही, त्यामुळे चॅटमधला माइक खाली सरकून बरोबर त्या जागेजवळ आलेला. काकी बाहेर यायला बघत होत्या आणि जावयाला एकेक सेकंदाचे आवाजी निरोप जात होते. एकात तर "अगं बाई, परत तेच" असं स्वच्छ ऐकू येत होतं.

म्हणून मी आधी माणसाचा अंगठा बघते. डोक्याला कळलेलं असतं की बटण नाही, पण अंगठा सात-आठ वर्षं जिथं जात होता तिथंच जातो. तुम्ही शनिवारी घरी गेलात की काही सांगू नका. आईंना एक काम द्या, फोटो उघडून परत बाहेर यायचं, आणि गप्प बघत बसा. अंगठा कुठं जातो, दाबतो की ओढतो, दाबला तर किती वेळ. तिथून पुढचं ठरवा.

तुम्ही चिडून विचारलंय की चांगली चाललेली बटणं काढली कशाला. त्याचं उत्तर काचेत आहे. २००८ मधला पहिला अँड्रॉइड फोन बघितलात तर होम, मागे, मेन्यू, फोन घ्यायचं, ठेवायचं, सगळी खरी बटणं होती, शिवाय एक फिरता गोळाही होता. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडची बटणं काचेवर आली, म्हणजे चित्रं झाली. २०१७ मध्ये आयफोन एक्स आणि गॅलेक्सी एस ८, दोन्हींनी समोरचं होम बटण काढलं, कारण तेवढ्या जागेत पडदा वाढवता येतो. मग चित्रांची पट्टीसुद्धा जागा खाते असं ठरलं, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये सगळा कारभार बोटाच्या हालचालीवर आला: कडेवरून आत म्हणजे मागे, खालून वर म्हणजे घर (होम), खालून वर नेऊन थांबलं की उघडी असलेली सगळी ॲप. दुरुस्तीवाल्याच्या नजरेने सांगायचं तर बटण गेलं ते बरंच झालं. त्याच्या फटीतून धूळ जायची, पाणी जायचं, बटणाखालची तारेची पट्टी तुटायची. पण बटण निदान दिसायचं. आता काय करायचं ते काचेवर कुठंच लिहिलेलं नाही, आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आमच्या मामंजींना शिकवताना मीच तोंडावर पडले होते. ते ७९ वर्षांचे. उमेदीत खरसुंडीच्या जत्रेत खिलार जनावरांचे सौदे करायचे. रुमालाखाली दोघांचे हात, तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा आणि भाव बोटांत. बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. म्हटलं, ह्यांना बोटांची भाषा काय अवघड? समजावून सांगितलं, "कडेवरून आत ओढा." त्यांनी रहाटाची दोरी ओढावी तसं सावकाश, पडद्याच्या मधून ओढलं. काहीच होईना. ओढणं अगदी काठावरूनच सुरू करावं लागतं. मधून सुरू केलं की फोनला वाटतं पान सरकवताय. मी चारदा सांगितलं, पाचव्यांदा माझा आवाज चढला. त्यांनी फोन उशाशी ठेवला आणि म्हणाले, "रुमालाखाली समोरच्याचा हात असतोय. बोट धरलं की त्यो दाबून सांगतोय, कळलं म्हणून. ही काच काय सांगतीय?"

मला ते तेव्हा लागलं, पण बरोबर होतं. म्हणून पहिलं काम हे करा: सेटिंग्जमध्ये आवाज आणि कंपन यात जाऊन बोटाच्या हालचालीचं कंपन चालू करा. बऱ्याच फोनांत 'मागे' लागू झालं की बारीकसा ठोका बसतो. तोच समोरच्या हाताचा दाब. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. २०१६ च्या आयफोन ७ मधलं होम बटण हलतच नव्हतं, आतली मोटर नुसता दाबल्याचा भास द्यायची. फोन बंद असला की ते दगडासारखं लागायचं, आणि लोक "बटण अडकलंय" म्हणून आमच्याकडे घेऊन यायचे. आम्ही चार्जिंगला लावायचो, बटण दुरुस्त!

मामंजींना मग मी बोलून शिकवलंच नाही. त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि काठावरून आत नेला. आठ-दहा वेळा. ठोका बसला की ते "हां" म्हणायचे. संध्याकाळपर्यंत जमलं. फक्त मागे आणि घर, एवढंच शिकवलं. उघडी ॲप बघायची ती थांबायची खूण त्यांना आजही येत नाही आणि काही अडत नाही.

आईंना हे शिकवायचं असेल तर कव्हर आधी बघा. जाड, काठ वर आलेली कव्हरं आणि पाकिटासारखी मिटणारी कव्हरं बोटाला काठापर्यंत पोचूच देत नाहीत. पातळ कव्हर घाला आणि त्याच्या कडेला, अंगठा सहज पोचेल त्या उंचीवर, एक टिकली चिकटवा. अंगठा टिकलीवर ठेवायचा आणि आत न्यायचा. दोन-तीन आठवड्यांनी टिकली पडते, तोवर अंगठ्याला जागा पाठ झालेली असते. ज्यांचा हात थरथरतो त्यांना मात्र मी ह्या भानगडीत पाडत नाही, सरळ तीन बटणं लावून देते.

आणखी एक, कारण तुम्ही लिहिलंय "आई ओढतात तरी होत नाही". मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेठेत काम करणारे एक तात्या हेच सांगत आले होते. त्यांची बोटं हळदीच्या पुडीने पिवळी, कातडी राठ, सुकी. ह्या काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं, बोट टेकलं की तिथला विद्युतभार बदलतो आणि त्यावरून फोनला जागा कळते. सुकं, घट्टे पडलेलं बोट असलं की हा बदल फार थोडा होतो. ओल्या फडक्याने बोटं पुसायला सांगितली, लगेच चाललं. फडकं ओलं, बोट ओलं नको; पाण्याचे थेंब काचेवर पडले तर फोन भलतीकडेच धावतो. वर लावलेली जाड काचही काढून बघा, आणि फोनात स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल तर ती चालू करा. तुमच्या आई शेतात, चुलीपुढं काम करत असतील तर अर्धा दोष इथंच निघेल.

आलेला फोन उचलणं हे मागे येण्यापेक्षा मोठं दुखणं आहे, ते तुम्ही लिहिलं नाहीत तरी असणार. पडदा बंद असताना फोन आला तर बोट ओढायचं, पडदा चालू असताना आला तर वर छोटी पट्टी येते आणि तिथं नुसतं टेकायचं. एकाच कामाच्या दोन तऱ्हा. माझं मत विचाराल तर हे ज्याने ठरवलं त्याने स्वतःच्या आईला फोन कधी दिला नसावा. सॅमसंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची आणि पॉवरच्या बटणाने ठेवायची सोय आहे. फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये ती सापडते. ही दोन बटणं अजून खरी आहेत, वापरून घ्या.

पॉवर बटणाचंही सांगून ठेवते. बऱ्याच नव्या फोनांत ते दाबून धरलं की फोन बंद न होता बोलणारा सहायक जागा होतो. तो बदलून 'बंद करा' वाला मेन्यू लावून द्या. तेच बटण भराभर दाबलं तर मदतीचा कॉल ११२ ला लागू शकतो. २०१७ पासून आपल्याकडच्या फोनांत ही सोय सक्तीची आहे; स्मार्टफोनला तीनदा झटपट दाबणं ही त्यातली एक खूण, काही फोनांत ती पाचदा असते. फोन अडकला की घाबरून तेच बटण दाबत सुटायची सवय बऱ्याच जणांना असते. आईंना हे दाखवून ठेवा, उगाच पोलिसांचा उलटा फोन आला तर त्या फोनला हातच लावायच्या नाहीत. सोय बंद मात्र करू नका, त्या एकट्या राहतात.

फोनवरून "आई, आता कडेवरून ओढ" असं शिकवू नका. कानाला लावलेल्या फोनवर ते दिसत नाही आणि दोघंही चिडता. शेजारचं एखादं पोर बसवा, नाहीतर शनिवारपर्यंत थांबा. तोवर जुन्या फोनात 'मागे' कुठल्या बाजूला होतं तेवढं आईंना विचारून इथं लिहा, आणि नव्या फोनाचं मॉडेलही. मग नेमकं काय कुठं दाबायचं ते सांगते.