पहिली गाडी शोधू नकोस, थांबे लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू नाशिक-पुणे एस.टी. मार्गावरची तुझी वही घेऊन आलीस आणि पहिली गाडी सुटल्याची तीन वेगवेगळी साले पुढे ठेवून त्यांतले खरे कोणते असे विचारलेस, तेव्हा मी चहाचे निमित्त करून आत निघून गेलो. त्या तिहींपैकी मधले साल माझे आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी लिहिलेल्या लेखात मी ते छापले आणि पुढे ज्यांनी ते लिहिले त्यांनी तिथूनच उचलले. मला ते एका निवृत्त वाहकांनी सांगितले होते, तेही "त्या सुमारास असेल" अशा शब्दांत. 'सुमारास' मी गाळला. संपादकांना साल हवे होते, आणि खरे तर मलाही हवे होते.

त्याच बैठकीत त्या गृहस्थांनी शिंदे-पळशापासून भोसरीपर्यंतचे सगळे थांबे मला भाड्याच्या टप्प्यांसकट म्हणून दाखवले होते. मोहदरी घाट चढण्यापूर्वी गाडी कुठे थांबे, नांदूर शिंगोट्याला कोण चढे, बोट्याच्या पुढे कोणत्या झाडाखाली विनंती थांबा होता, नारायणगावला टपावर किती पाट्या चढल्या की चालक कुरकुर करी, हे सारे ते दीड तास सांगत होते आणि मी मान डोलावत होतो. त्यातली एक ओळही मी टिपली नाही. टेपरेकॉर्डर परवडत नव्हता असे मी पुष्कळांना सांगत आलो. वस्तुतः तो घरी होता आणि त्यावर मुले गाणी ऐकत. तरीही माझी बाजू अगदीच लंगडी नाही, कारण थांब्यांची यादी म्हणजे इतिहास असे त्या काळी मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो, आणि माझ्याबरोबरचे सगळेच हसले असते.

म्हणून सांगतो, थांबे लिही. तुझी तिन्ही साले एकाच वेळी खरी असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या गोष्टींची असतील. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. त्याआधी ठिकठिकाणी खाजगी मोटारी होत्याच. पुढे १९५० च्या कायद्यानुसार मुंबई राज्याचे महामंडळ झाले आणि १९६० नंतर ते महाराष्ट्राचे झाले. आता एखाद्या तुकड्यावर खाजगी मोटार धावली ते साल, सरकारी गाडी आली ते साल, आणि संगमनेरला न बदलता नाशिक-पुणे अशी पाटी लावलेली थेट गाडी सुरू झाली ते साल, यांपैकी 'सुरुवात' कोणती? हे ठरवल्याशिवाय सालांची भांडणे लावणे व्यर्थ आहे, आणि तू गेले चार महिने तेच करत आहेस.

जुनी तिकिटे नि वेळापत्रके हाती आली तर तारीख नाही म्हणून बाजूला टाकू नकोस. भाडे आण्यांत असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. अंतर मैलांत असेल तरी तो बराच जुना. रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ५० म्हटले असेल तर तो २०१० च्या क्रमांकबदलापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. आता तो ६० आहे. मात्र 'खेड' पाहून फसू नकोस. राजगुरुनगर हे नाव पाटीवर आले तरी माणसे आजही खेडचेच तिकीट मागतात.

तू विचारलेस, थांब्यांची यादी वाचणार कोण? या प्रश्नाचा मला राग आला. नाशिक आणि पुणे यांच्यामध्ये थेट लोहमार्ग नाही, म्हणून घारगाव, बोटा, कळंब, पेठ अशा गावांना जगाशी जोडणारे दार म्हणजे एस.टी.चा थांबाच होता. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. थांबा टप्प्याच्या अलीकडे की पलीकडे, यावरून कोणी कुठे उतरून किती चालायचे ते ठरे. पुढे रस्ता चौपदरी झाला, वळणरस्ते गावांना बाहेरून वळसा घालून गेले आणि विनाथांबा गाड्यांनी उरलेले काम केले. पहिल्या फेरीला निदान नारळ फुटतो आणि फोटो निघतो. विनंती थांबा बंद झाल्याची नोंद कोण करणार? तो फक्त तिथे उभे राहून दमलेल्या माणसाला ठाऊक असतो. अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि तू ग्रंथालयात बसून माझी चूक तिसऱ्यांदा उतरवून घेत आहेस!

रागावलो असे समजू नकोस. तुझी वही नीट आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि पुण्याजवळच्या नाशिक फाट्याचे नाव याच मार्गाची खूण म्हणून तू नोंदवलेस ते मला कधी सुचले नव्हते. तसेच पाहत जा. येत्या गुरुवारी नाशिकरोडहून सकाळची साधी गाडी धर, शिवशाही नको, आणि वाहकाच्या मागच्या बाकावर बसून गाडी जिथे जिथे थांबेल तिथे नाव, वेळ आणि कोण उतरले ते टिपत आळेफाट्यापर्यंत जा. परतीला तीच यादी उलटी ताडून पाहा. माझे साल खोडायचे नाही. त्याच्या मागे 'सुमारास' लिहायचे आणि शब्द कोणी गाळला होता तेही लिहायचे.

ते वाहक आता नाहीत. त्यांची सून सिन्नरला असते आणि तिकिटांचा जुना पंच तिने जपून ठेवला आहे असे ऐकतो. तू येणार म्हणून मी तिला फोन करून ठेवतो. तुझ्याबरोबर येण्याचा आग्रह मात्र मला करू नकोस.

तुझा,
सर
गंगापूर रोड, नाशिक