वडिलांच्या नावावरच्या जुन्या बंदुका मुलीच्या नावावर कायदेशीर कशा करायच्या?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७४ वर्षांचे, रामटेकला राहतात. त्यांच्या लायसन्सवर बर्मिंगहॅमची १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप) दुनळी आणि पणजोबांची ठासणीची भरमार आहे. तिसरं हत्यार, .३८ चं वेबली रिव्हॉल्व्हर, २०२० मध्ये ठाण्यात जमा केलं. तुम्ही लग्नानंतर नागपूर शहरात, मानेवाड्यात, भाऊ अमेरिकेत. काका म्हणतात, जुन्या चीजेला लायसन्स लागत नाही आणि बाकीचं मृत्युपत्रात लिहिलं की झालं. तुम्हाला प्रक्रिया, खर्च आणि लागणारे दिवस हवे आहेत.

सुरुवात काकांपासून करतो. असे काका नागपुरात घरोघरी आहेत. आमच्या नात्यातले तर वर वकीलही आहेत.

मृत्युपत्रानं मालकी मिळते. ताबा मिळतो तो फक्त लायसन्सनं. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ३ वारस कोण, मुलगा की मुलगी, मृत्युपत्र नोंदवलेलं की साध्या कागदावरचं, यातलं काहीच विचारत नाही. बंदूक ज्याच्या घरात सापडली त्याच्या नावावर लायसन्स आहे का, एवढंच विचारतं. आणि लायसन्स माणसाचं असतं, बंदुकीचं नाही. माणूस गेला की पुस्तिकेवर मुदत कितीही उरलेली असो, तिचा उपयोग संपला.

त्या वकील नातेवाइकांनी काटोलकडच्या एका बागायतदाराचं मृत्युपत्र केलं होतं. शेत धाकट्याला, घर दोघांना, दुनळी थोरल्याला. अगदी व्यवस्थित, नोंदणीकृत. म्हातारबुवा गेले, तेरवी झाली, सातबाऱ्यावर फेरफार झाला. दुनळी कपाटातच राहिली, कारण लायसन्सला अजून दोन वर्षं होती आणि ‘व्हॅलिड आहे’ असं वकीलसाहेबांचंच मत होतं. पुढं निवडणुकीची आचारसंहिता लागली. ठाण्याकडं परवानाधारकांची यादी असते, शस्त्रं जमा करा म्हणून निरोप जातो. शिपाई घरी आला तर परवानाधारक वर्षभरापूर्वी वारलेले आणि बंदूक थोरल्याच्या कपाटात, सोबत काडतुसांचं अर्धं खोकं. पंचनामा, जप्ती, कलम २५(१ब) खाली गुन्हा. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. आधी एक ते तीन होती. मग थोरल्यानं वारस म्हणून लायसन्सचा अर्ज केला, तर पोलीस अहवालात ‘गुन्हा प्रलंबित’ आणि अर्ज फेटाळला. धाकट्यानं अर्ज केला, तर बंदूक न्यायालयाच्या मुद्देमालात. वकीलसाहेब आजही सांगतात की मृत्युपत्रात एक चूक दाखवा. चूक नव्हतीच. पण त्या दिवशी हवी होती ती ठाण्याची पावती. कलम २१ सांगतं की ताबा बेकायदा झाला की विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करा. जमा केल्यानं मालकी जात नाही. वारसाला लायसन्स मिळालं की बंदूक परत मिळते, किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदतीत काहीच केलं नाही तर मात्र सरकारजमा होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वडील हिंडते-फिरते आहेत तोवर, त्यांच्याच सहीनं हे करा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ नेमका यासाठी आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. तुमचे वडील ७४ चे, म्हणजे दार निदान चार वर्षांपासून उघडंच आहे. या मार्गानं जिवाला धोका असल्याचं सिद्ध करत बसावं लागत नाही. पात्रता आणि पोलीस अहवाल स्वच्छ हवा. मुलगी चालते, लग्न झालेली असली तरी. ‘बाईच्या नावानं कुठं बंदूक असते का’ म्हणणाऱ्या कारकुनाला नकार लेखी द्यायला सांगा. कलम १४ खाली नकाराची कारणं नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील होतं.

आता जुन्या चीजेचं. कलम ४५(क) मध्ये सूट आहे, पण काका अर्धंच वाचतात. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं हत्यार, आणि जे दुरुस्त करून किंवा न करताही चालू शकत नाही, त्यालाच सूट. तुमची भरमार नुसती निपल (टोपी बसते ती बोंडी) झिजून आणि घोड्याची स्प्रिंग तुटून पडली असेल तर ती दुरुस्तीनं चालू शकते, म्हणजे लायसन्स लागतं. वय १५० वर्षं असो. मुळात ती वडिलांच्या लायसन्सवर चढलेली आहे, याचा अर्थ सरकारनं तिला एकदा चालती बंदूक मानलेलं आहे. घरी नळी कापून किंवा वेल्डिंग करून ‘शोभेची’ करू नका. नळी आखूड करणं कलम ६ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि संग्राहकाच्या लेखी त्या वस्तूची किंमतही तिथंच संपते.

कार्यालय कोणतं, यात बहुतेक लोक चुकतात. वडील रामटेकचे, म्हणून त्यांचं लायसन्स जिल्हाधिकारी कार्यालयाचं. तुम्ही मानेवाड्यात, म्हणून तुमचा अर्ज शहर पोलीस आयुक्तांकडं. अर्ज जिथं अर्जदार राहतो तिथं जातो. दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार आपोआप होईल या भरवशावर राहू नका, दोन्हीकडं पोच घेतलेली प्रत ठेवा.

वडिलांनी दोन पत्रं लिहायची. एक, नियम २५ खाली तुम्हाला वारस म्हणून सुचवल्याचं, दोन्ही बंदुकांचं वर्णन आणि नंबर घालून. दुसरं, कलम ५(२) खाली हस्तांतराच्या इराद्याची सूचना, तुमच्या नावापत्त्यासह, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला. ही दिल्यापासून किमान ४५ दिवस जायला हवेत, म्हणून ती पहिल्याच दिवशी द्या. तुम्ही फॉर्म ए-१ ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत, ओळख-पत्ता-वयाचे पुरावे, फोटो, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात कुलूपबंद ठेवण्याच्या सोयीचं हमीपत्र, वडिलांच्या लायसन्सची प्रत आणि आई-भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लावा. भाऊ अमेरिकेत असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणा. सगळ्यात उशिरा येतो तो हाच कागद. वडिलांच्या लायसन्सवर यूआयएन (युनिक आयडेंटिफिकेशन नंबर) आहे का तेही आधी बघा. नसेल तर ते निस्तरल्याशिवाय पुढचं काही हलणार नाही.

नंबराकडं मात्र नीट लक्ष द्या. सीपी अँड बेरारच्या (इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या) काळापासून हातानं उतरवत आलेल्या नोंदींत नंबर चुकलेले असतात. कुणी पेटंट नंबर उतरवलेला असतो, कुणी प्रूफचा, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचा, आकडा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, वडिलांच्या हातानंच, पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करायला सांगा. नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर प्रूफचे शिक्के दिसतील. तिरक्या चौकोनातला ‘१२’ म्हणजे बोअर, तो नंबर नव्हे. खरा सिरियल बहुधा ट्रिगर गार्डवर किंवा अ‍ॅक्शनवर (नळ्यांमागच्या यंत्रणेवर) असतो आणि नळ्यांवर तोच पुन्हा असतो. फोटो काढा, लायसन्सशी ताडा. फरक असेल तर अर्जाआधी वडिलांच्या नावावरच दुरुस्ती करून घ्या. तुमच्या नावावर चढताना फरक निघाला तर ‘ही बंदूक वेगळीच आहे’ असा संशय येतो. भरमारीवर तर अनेकदा नंबरच नसतो, आणि कलम ८(२) प्रमाणे ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. त्यावर आधी मंजूर चिन्ह घालून घ्यावं लागेल. स्वतः पंच मारू नका, आणि जुना अंधुक नंबर घासून ‘स्वच्छ’ तर मुळीच करू नका.

लायसन्स तुमच्या हाती येऊन दोन्ही बंदुका त्यावर चढेपर्यंत त्या रामटेकलाच राहतात. गाडीच्या डिकीत टाकून मानेवाड्याला आणायच्या नाहीत. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायची तर वडील सोबत हवेत किंवा त्यांचं लेखी अधिकारपत्र. दसऱ्याच्या पूजेला कपाट उघडणारा हातही त्यांचाच असावा.

कायद्यात माणशी मर्यादा दोन शस्त्रांची आहे, २०१९ पासून, आणि वारसाहक्कानं आलेलीही त्यात मोजतात. तुमच्याकडं आज काही नसेल तर दुनळी आणि भरमार दोन्ही बसतात. मोठा संग्रह असलेल्या घरांनी बायको, मुलगा, मुलगी अशा वेगवेगळ्या पात्र माणसांत तो वाटावा, पण ज्याचं लायसन्स त्याच्याच ताब्यात बंदूक हवी. बहिणीच्या नावावर आणि भावाच्या दिवाणखान्यात, हे चालत नाही. वेबलीचा नाद सोडा. तिसरं म्हणून जमा झालेलं शस्त्र वडिलांच्या लायसन्सवर परत चढत नाही, आणि .३८ हे प्रतिबंधित बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारं माप) असल्यानं त्याचा नवा परवाना आयुक्तांच्या हातात नसून केंद्रीय गृह मंत्रालयाकडं असतो. पावती मात्र जपून ठेवा.

खर्चाचं काय सांगू. मेडिकल, प्रशिक्षण, नोटरी आणि सरकारी फी, फीचा चालू आकडा काउंटरवर मिळेल. एजंटला पैसे देऊ नका, तो तुमचाच फॉर्म भरून देतो. दिवस पोलीस अहवालावर अवलंबून. ठाण्यातून फोन आला की त्याच दिवशी जा.

काही गोष्टी राहिल्या. दुनळीच्या नळ्यांवर दमास्कसची (पट्ट्या पिळून घडवलेल्या लोखंडाची) नक्षी असेल तर ती बहुधा काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस घालून ‘चालते का’ बघू नका. १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेष कायदा १९७२ मध्ये येते, तेव्हा भावानं ती अमेरिकेत न्यायचा विचार करू नये. आणि तुमच्याऐवजी रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडं राहणाऱ्या कुणा वारसाचं नाव सुचवायचं ठरलं तर मानसिंगदेव अभयारण्यापासूनचं अंतर मोजा. १० किलोमीटरच्या आत नव्या लायसन्सला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. त्यांचं कार्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सलाच आहे, पण फाइल तिथं गेली की वेळ वाढतो.

घरात जुनी काडतुसं असतील तीही लायसन्सवरच मोजतात. जमा करायची वेळ आली तर मोजून, बोअरसह, पावतीवर आकडा लिहून घ्या.