गावातलं उपकेंद्र आणि अभ्यासकेंद्र : वाचकांचे प्रश्न

विद्यापीठाची उपकेंद्रं, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आणि त्यांच्या नावाखाली चालणारी दुकानं यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक पत्रं छोट्या जिल्ह्यांच्या किंवा तालुक्यांच्या गावांतून आहेत. घर सोडून पुण्या-मुंबईला जाणं ज्यांना परवडत नाही किंवा जमत नाही, अशांची ही पत्रं आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

मुलगी बी.एस्सी. झाली. एम.एस्सी.साठी तिला विद्यापीठाच्या मुख्य परिसरात, छत्रपती संभाजीनगरला पाठवू की धाराशिवच्या उपकेंद्रात घालू? उपकेंद्राची पदवी कमी मानतात का? (एक पालक, भूम)

पदवी विद्यापीठाची असते, उपकेंद्राची वेगळी नसते. त्यामुळे नोकरीच्या अर्जात किंवा पुढच्या प्रवेशात कागदावर फरक पडत नाही. फरक पडतो तो शिकवण्यात, आणि तो तुम्ही प्रवेशाआधी स्वतः जाऊन पाहू शकता.

विभागात जा आणि तीन गोष्टी विचारा. या विषयाचे कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणारे, किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक मनापासून शिकवतात, पण त्यांची नेमणूक बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर होते आणि पहिले काही आठवडे वर्ग रिकामा जातो. दुसरं, प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत का? यंत्रावर कव्हर घातलेलं असेल तर ते काढून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको. तिसरं, मागच्या दोन वर्षांत इथून नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) कोण झालं, पीएच.डी.ला कोण गेलं? चांगल्या विभागाला ही नावं तोंडपाठ असतात.

रोज ये-जा करायची असेल तर एसटीचं वेळापत्रक या सगळ्याइतकंच महत्त्वाचं आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे महिन्याच्या प्रवासाला साधारण दहा दिवसांचे पैसे लागतात. पैशांचा प्रश्न त्याने बराच सुटतो, वेळेचा सुटत नाही. प्रॅक्टिकल पाचला संपत असेल आणि तुमच्या बाजूची शेवटची सोयीची गाडी साडेचारला असेल, तर मुलगी दर आठवड्याला अर्धं प्रॅक्टिकल सोडून निघेल. मग वसतिगृहाचं आधी बघा.

मी गॅरेजमध्ये काम करतो. बारावी झालोय. गावातल्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे. तिथली बी.ए. एमपीएससीला चालते का? आणि तिथे खरंच कोणी शिकवतं का? (वय २४, जिल्हा हिंगोली)

चालते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त व दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, असं आयोगाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. एमपीएससीला किंवा यूपीएससीला बसताना तुम्हाला कोणी मागे ठेवणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर केंद्रागणिक बदलतं. मी काही काळ अशा एका केंद्रावर समंत्रक, म्हणजे संपर्क सत्रांत शिकवणारा, होतो. रविवारी सकाळी कॉलेजचा एकच मजला उघडलेला असायचा. पहिल्या बाकावर रात्रपाळी करून आलेला पोलीस शिपाई, डोळे लाल, पण वही उघडलेली. मागे दोन अंगणवाडी सेविका. एक बाई लेकराला घेऊन यायच्या, ते दाराजवळ फरशीवर खडूने रेघोट्या ओढत बसायचं. अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता मी पुस्तकातल्या उदाहरणाने सांगत होतो. त्या बाई म्हणाल्या, “सर, म्हणजे कांदा महागला तरी आम्ही घेतो, पण सफरचंद महागलं की सोडून देतो, तसंच ना?” पुढे त्या व्याख्येसाठी मी पुस्तक उघडलं नाही.

असं संपर्क सत्र जिथे नीट भरतं, तिथे नाव घाला. जिथे केंद्रसंयोजक म्हणतात, “यायची गरज नाही, गृहपाठाचे आयते पेपर मिळतील,” तिथे घालू नका, मग ते घराशेजारी का असेना. आधीच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: पुस्तकं कधी हातात पडली, सत्रं किती झाली, गृहपाठ तपासून परत मिळाला का? कागदपत्रांवरचा तुमचा कायम नोंदणी क्रमांक प्रवेशानंतर लगेच जपून लिहून ठेवा. निकालाची किंवा गुणपत्रिकेची कुठलीही अडचण आली की पहिल्यांदा तोच विचारतात.

आमच्या बाजारपेठेत एका गाळ्यावर परराज्यातल्या विद्यापीठाचा बोर्ड लागलाय. ‘पदवी एका वर्षात, परीक्षा इथेच, पासची खात्री’ असं सांगतात. मुलाने पाच हजार भरलेत. पुढचे भरू का? (एक पालक, जिल्हा जालना)

भरू नका. भरलेल्या पाच हजारांची पावती मात्र जपून ठेवा.

तीन वर्षांची पदवी एका वर्षात कोणतंही मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही. मागच्या तारखेने प्रवेश दाखवून देतो असं कोणी म्हणत असेल, तर ते सरळ बनावट कागदपत्रांचं प्रकरण आहे. त्यात उद्या नोकरीच्या पडताळणीत अडकेल तो तुमचा मुलगा. गाळेवाला तोवर गाव बदलून गेलेला असेल.

दूरशिक्षणाची केंद्रं फ्रँचाइझी देऊन चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची बंदी आहे. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाला तुमच्या गावात दूरशिक्षणाचं केंद्र उघडता येत नाही. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं वेगळं, ते देशभरासाठीच आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घरबसल्या कुठूनही घेता येते, पण ती थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून. तिला गाळा लागत नाही आणि मधला माणूसही लागत नाही.

तपासायचं असं: आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि चालू सत्र ही तिन्ही एकत्र दिसली पाहिजेत. विद्यापीठाला मान्यता आहे पण तुमच्या मुलाच्या अभ्यासक्रमाला नाही, असं पुष्कळदा असतं. २०२४ पासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो काढायला गाळेवाला टाळाटाळ करत असेल, तर आणखी काही विचारायला नको. अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग, फार्मसी यांच्या पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मराठवाड्यात नर्सिंगच्या नावाखाली मुली फार फसल्या आहेत, त्यांच्या आयांची पत्रं वाचवत नाहीत.

ही दुकानदारी किती वाढू शकते याचं उदाहरण छत्तीसगडचं आहे. तिथे २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभरहून जास्त खासगी विद्यापीठं उभी राहिली. त्यांतल्या अनेकांकडे इमारत नव्हती, शिक्षक नव्हते, होता तो फक्त पत्ता. वैज्ञानिक यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याची संबंधित कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं संपली. मुलांची सोय दुसऱ्या विद्यापीठांत लावायला राज्याला सांगावं लागलं. त्या मुलांची वर्षं मात्र गेलीच.

पैसे परत मागताना लेखी मागा, पोच घ्या. दाद लागली नाही तर पोलीस ठाण्यात तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज, दोन्ही करा. लाज वाटून गप्प बसलात तर पुढच्या वर्षी शेजारचा मुलगा त्याच गाळ्यात जाईल.

आमच्या गावाला उपकेंद्र मंजूर होण्याची चर्चा आहे. जागा गावापासून आठ किलोमीटरवर माळावर सुचवली आहे. पेठेत पालिकेची जुनी दगडी इमारत रिकामी पडून आहे. तुमचं मत? (निवृत्त मुख्याध्यापक)

सर, माझं मत स्पष्ट आहे: वर्ग पेठेतच भरावेत. माळावर जमीन स्वस्त मिळते, फीत कापायला मंडप मोठा घालता येतो, पण संध्याकाळी सहा वाजता दुकानातून सुटलेला मुलगा तिथे पोचत नाही. नोकरी करणारे, सून म्हणून घरात अडकलेल्या बायका, शेतीची कामं आटोपून येणारी पोरं यांच्यासाठीच गावात उपकेंद्र हवं असतं. वसतिगृहात राहू शकणाऱ्यांना मुख्य परिसर आहेच.

आपल्याकडे हे नवीन नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. दोन्ही वस्तीत, माणसाच्या रोजच्या वाटेवर. म्हणून ती इतकी वर्षं टिकली असं मी मानतो. गोव्यातही विद्यापीठ येण्याआधी मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये पदव्युत्तर केंद्र काढलं ते पणजीत. त्यातूनच १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झालं.

परदेशातलं एक उदाहरण तुमच्या पालिकेला सांगण्याजोगं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रोआनोक नावाचं लाखभर वस्तीचं शहर आहे. रेल्वेवर वाढलेलं, आपल्या भुसावळसारखं. १९८२ मध्ये तिथल्या रेल्वे कंपनीचं दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झालं आणि त्यानंतर मुख्यालय तिथून हललं. शहराच्या मध्यावर असलेली कंपनीची १९३१ सालची मोठी कार्यालयीन इमारत पुढे उच्च शिक्षण केंद्राला दिली गेली आणि २००० मध्ये तिथे वर्ग सुरू झाले. विशेष म्हणजे ते एका विद्यापीठाचं केंद्र नाही. वेगवेगळी महाविद्यालयं आणि विद्यापीठं एकाच छताखाली आपापले अभ्यासक्रम चालवतात, आणि काम करणारी माणसं नवीन कौशल्यासाठी किंवा अर्धवट राहिलेल्या पदवीसाठी तिथे येतात. तुमच्या दगडी इमारतीतही उपकेंद्राचे वर्ग, मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं आणि आयटीआयचे छोटे अभ्यासक्रम वेगवेगळ्या वेळी चालू शकतात. एकाच संस्थेने दिवसाचे चार तास वापरून बाकी वेळ कुलूप लावायचं, ही सवय सोडायला हवी.

आता अडचणीही सांगतो, कारण सभेत त्या निघतीलच. विज्ञानाच्या प्रयोगशाळा जुन्या इमारतीत कोंबू नयेत. गॅस, रसायनं, सांडपाणी यांसाठी वेगळी जागा लागते, ती खुशाल माळावर घ्या. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि अग्निशमनाचा दाखला याशिवाय एकही वर्ग भरू देऊ नका. तळमजल्यावर रॅम्प हवा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो बंधनकारकच आहे. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह, पाण्यासह. नकाशात ते नेहमी असतं, पाणी नसतं. पार्किंगवरून फार वाद होतील, पण तुमचे निम्मे विद्यार्थी एसटीने किंवा चालत येणार आहेत, ते लक्षात ठेवून उत्तर द्या.

पालिकेकडे जाताना नुसतं निवेदन नेऊ नका. स्टँडपासून इमारतीपर्यंत आणि स्टँडपासून माळापर्यंत संध्याकाळी सात वाजता कसं पोचायचं, रिक्षाचे किती पैसे, रस्त्यावर दिवे कुठे संपतात, हे दोन-तीन विद्यार्थिनींना प्रत्यक्ष जाऊन लिहून काढायला सांगा आणि तो कागद वर लावा.

उपकेंद्रात एम.कॉम. करताना इग्नूची दुसरी पदवी घेता येईल का? (विद्यार्थी, लातूर)

येईल. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची चालते. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही नियमितही चालतात. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही. परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या तर कोणी बदलून देणार नाही, ते बघून ठरवा.

आमच्या उपकेंद्राचं स्वतंत्र विद्यापीठ व्हावं म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. तुम्ही लिहाल का? (तरुण मंडळ)

तुमची तळमळ मला समजते. सोलापूरला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, तिथे २००४ मध्ये एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. गडचिरोली-चंद्रपूरसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघालं, त्यामुळे तिथल्या पोरांच्या नागपूरच्या खेपा वाचल्या. अंतर तोडणं हा मोठा फायदा आहे.

पण सह्यांच्या कागदावर आधी दुसरी मागणी लिहा: मंजूर पदं भरा. उपकेंद्रातले प्राध्यापक पुरे नसताना नवीन विद्यापीठ झालं, तर कुलगुरूंचं कार्यालय, परीक्षा विभाग, वाहनं हे सगळं येईल आणि वर्गात शिकवणारा माणूस तोच तासिकेवरचा राहील. पदं भरल्यावर मी तुमच्यासोबत सही करतो.

दहावी होऊन लग्न झालं. आता वय ३८, मुलं मोठी आहेत. पदवी घ्यायची आहे. गावात अभ्यासकेंद्र आहे. कुठून सुरुवात करू? (गृहिणी, ता. चिपळूण)

ताई, आधी बारावी करा. बारावीशिवाय पदवीला प्रवेश देणाऱ्या वाटा कोणी सुचवेल, पण पुढे नोकरीच्या जाहिरातीत बारावी वेगळी मागतात आणि तिथे अडतं. राज्य मंडळाच्या फॉर्म नंबर १७ ने खासगी विद्यार्थी म्हणून बारावी देता येते. अर्ज ऑनलाइन भरतात, तारखा मंडळाच्या संकेतस्थळावर येतात, आणि तुम्हाला जवळचं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून मिळतं. विषय कला शाखेचे घ्या, घरी अभ्यास करायला सोपे जातात.

दोन गोष्टी आजच करा. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधा. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत दुय्यम प्रतीसाठी अर्ज द्या, त्याला वेळ लागतो. आणि नाव. दहावी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँक पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगने, हे मी फार वेळा पाहिलं आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, गरज पडली तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या. हे झालं की बारावीच्या निकालानंतर अभ्यासकेंद्रात जाऊन संपर्क सत्रं कोणत्या वारी असतात ते विचारा, आणि घरात तो वार तुमचा असं आताच सांगून टाका.