अणू खरोखर आहेत की सोयीची कल्पना?

प्रश्न : मासुंदा तळ्याकाठी सकाळी फिरायला जमणाऱ्या आमच्या गटातील एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे असे, की निरीक्षणांशी जुळणारा हिशेब देणे एवढेच विज्ञानाचे काम, अणू खरोखर आहेत, असे मानण्याचे कारण नाही. आपले मत काय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ही भूमिका हलकी नाही. तत्त्वज्ञ बास व्हॅन फ्रासेन यांनी १९८० मध्ये जवळपास हाच पक्ष मोठ्या ताकदीने मांडला. तरीही मला तो अपुरा वाटतो, तो फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगांमुळे. १९०८ च्या सुमारास त्यांनी गॅम्बोज या पिवळ्या राळेचे एकसारख्या आकाराचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळले आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या उंचीवरचे कण मोजले. उंच पर्वतावर हवा ज्या नियमाने विरळ होते, त्याच नियमाने वरच्या थरांत कण विरळ होत गेले. त्यावरून काढलेली ॲव्होगाड्रो संख्या (पदार्थाच्या एका मोलमध्ये, म्हणजे ठरावीक प्रमाणात, किती अणू-रेणू असतात तो आकडा) कणांच्या अखंड थरथरीवरून, तसेच किरणोत्सर्गासारख्या अगदी वेगळ्या मार्गाने मिळालेल्या संख्येशी जुळली. अणू नसतेच, तर एकमेकींशी संबंध नसलेल्या इतक्या वाटा एकाच आकड्यापाशी का येतात, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेले नाही. अणूंना दीर्घकाळ विरोध करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनीही त्याच काळात आपले मत बदलले.

शिक्षक ईथरचा दाखला देतील, आणि तो रास्तच आहे : एकोणिसाव्या शतकात प्रकाशलहरींचे ते माध्यम शास्त्रज्ञांना खरे वाटे, ईथर गेला, प्रकाशाविषयीची फ्रेनेलची समीकरणे मात्र टिकली, म्हणजे हिशेब जुळला तरी वस्तू खरी नव्हती. परंतु पेरँ यांच्यासारखा परस्परांपासून स्वतंत्र पुरावा ईथरच्या वाट्याला कधीच आला नव्हता.