जनरेटर ओव्हरलोड होत असेल तर

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन नव्याने फिरू लागलेल्यांना माझे सांगणे असे, की मोठा जनरेटर घेण्यापूर्वी आपल्या नकळत काय चालू आहे ते शोधावे. लहान जनरेटरवर ठळक छापलेले २,२०० वॅट क्षणिक असतात. सलग मिळतात साधारण १,८००, म्हणजे १२० व्होल्टला १५ अँपियर. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (थंड करण्याच्या क्षमतेचे माप) एसी चालतानाच त्यांतले बारा-तेरा अँपियर घेतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट मागतो. अशा वेळी वॉटर हीटरचा सुमारे १,४०० वॅटचा विजेचा एलिमेंट चालू राहिला असेल, तर ओव्हरलोडचा लाल दिवा लागणारच. त्याचे बटण काही ट्रेलरांत बाहेरच्या झाकणाआड असल्याने हा चोर सर्वांत उशिरा सापडतो.

म्हणून ट्रेलरचे सगळे ब्रेकर बंद करून जनरेटर चांगला तापू द्यावा, इको मोड (भार कमी असताना इंजिन हळू चालवणारी सोय) बंद ठेवावा आणि मग एकेक ब्रेकर चालू करत दिवा केव्हा लागतो ते पाहावे. फ्रीज व वॉटर हीटर विजेऐवजी गॅसवर ठेवावेत. उतरलेली बॅटरी भरताना कन्व्हर्टरही (१२० व्होल्टच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी चार्ज करणारे उपकरण) बरीच वीज ओढतो, हे सहसा कोणी धरत नाही. ट्रेलरची केबल काढल्यावरही दिवा लागत असेल, तर दोष जनरेटरचाच. फक्त एसी सुरू होतानाच अडत असेल, तर सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसरची सुरुवातीची क्षणिक मागणी कमी करणारे उपकरण, बसवावा. माझ्या मते तो खर्च सार्थकी लागतो. कोलोरॅडोच्या डोंगरांत मात्र दर हजार फुटांमागे तीन-साडेतीन टक्के शक्ती घटते, तिथे लहान जनरेटरवर एसीचा हट्ट सोडावा.