नागपुरातल्या दोन जुन्या एमजीबींचे (ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार) मीटर वेगळे. मग ओरिजिनल कुठले?

दोन्ही असू शकतात. एमजीबी १९६२ ते १९८० अशी तब्बल अठरा वर्षं बनली आणि मधे डॅशबोर्ड, मीटर बदलत गेले. त्यामुळे नुसतं शेजारी ठेवून ‘हा नकली’ म्हणू नका.

आधी स्पीडोमीटरच्या डायलवरचे बारीक आकडे बघा, चष्मा लावून. तिथे १२८० किंवा १००० असा एखादा आकडा दिसेल. मैलाला स्पीडोमीटरची केबल किती फेरे घेते, ते हे. गिअरबॉक्स-अ‍ॅक्सलशी तो जुळत नसेल तर मीटर मूळचा असला तरी वेग चुकीचाच दाखवणार.

आरपीएम मीटरमध्ये जास्त घोळ होतो. डायलवर आरव्हीआय (RVI) असेल तर जुना प्रकार, इग्निशन कॉइलची वायर त्याच्यातून फिरून जाते. आरव्हीसी (RVC) असेल तर कॉइलवरून एकच सिग्नल वायर. १९६७ च्या सुमारास गाडीचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक, पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं, म्हणून अदलाबदल करताना वायरिंग तपासाच.

टेंपरेचरच्या काट्यावर कुठे आकडे, कुठे नुसतं सी-एन-एच (कोल्ड, नॉर्मल, हॉट). आपल्या मे महिन्यात आकडेवालाच बरा बाप्पा, ‘एन’ म्हणजे नेमकं किती ते कळत नाही. आणि डायल पुन्हा रंगवू नका, किंमत उतरते.