घर विकायचंय, भाव किती सांगू?

प्रश्न: पुण्यात डहाणूकर कॉलनीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९९४ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. करारात ९५० चौरस फूट लिहिलंय. यजमान गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलं. नॉमिनी मीच होते. आता नाशिकला मुलीजवळ राहायला जायचंय. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, आधी मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करू, मग समोरच्या नव्या टॉवरचा दर मागू. हॉलच्या खिडकीखाली पावसाळ्यात ओल येते. काय करावं?

उत्तर: ताई, किचनला हात लावू नका. तीस वर्षांच्या इमारतीत घर घेणारा माणूस ओटा आपल्या मनासारखा करून घेतोच. तुमचे चार-पाच लाख त्याच्या हिशेबात येत नाहीत. ते पैसे राहू द्या आणि ओल बघा. मूल्यांकनाला जाते तेव्हा मीसुद्धा पहिला हात खिडकीखालच्या भिंतीवरूनच फिरवते. नुसती पुट्टी मारून रंग दिलात तर पहिल्या पावसात पोपडे सुटतील. बहुतेक वेळा पाणी चौकट आणि भिंत यांच्या फटीतून शिरतं, किंवा बाहेरच्या बाजूला उंबऱ्याचा उतार आत असतो. दुरुस्ती बाहेरूनच करायला हवी. पावसाच्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीचा असतो, म्हणून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. भिंत पूर्ण वाळली की मगच रंग. बाकी गळके नळ बदला, माळा आणि बाल्कनी रिकामी करा, पुरे.

आता भाव. टॉवरचा दर कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर असतो, त्यात लिफ्ट, पार्किंग, नवं बांधकाम सगळं आलं. तुमचे ९५० बहुधा सेलेबल आहेत, म्हणजे भिंती आणि जिन्याचा वाटा धरून. टेप घ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रत्येक खोली मोजा. साडेसहाशे-सातशेच्या आसपास भरलं तर नवल वाटू देऊ नका. म्हणजे टॉवरच्या दराला ९५० ने गुणणं दोन्हीकडून चुकतं: दरही तुमचा नाही आणि क्षेत्रफळही.

तुमचा भाव तुमच्याच गल्लीत सापडेल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे आजूबाजूच्या जुन्या सोसायट्यांतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे गोषवारे बघा. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. दुसरा रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरपत्रकावरून आलेला, प्रत्यक्ष ठरलेली किंमत म्हणजे मोबदला. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप (भिंती धरून), तेही तपासा. लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हणजे गुडघे दुखणारं गिऱ्हाईक गेलंच, त्याची थोडी वजावट धरा. रिडेव्हलपमेंटचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल तर त्याची प्रत दाखवून जरूर भाव मागा. नुसत्या जिन्यातल्या गप्पांचे पैसे कोणी देत नाही.

मग तुम्हाला परवडणाऱ्या आकड्यावर घासाघिशीपुरते तीन-चार टक्के ठेवा, जास्त नको. अव्वाच्या सव्वा सांगितलं की जाहिरात महिनोन्‌महिने पडून राहते, एजंट लोकांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरतो आणि ‘घरात काहीतरी भानगड असणार’ असं लोक धरून चालतात. नंतर भाव उतरवला तरी तो संशय जात नाही.

पण ताई, या सगळ्याआधी एक काम. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. यजमानांचं मृत्युपत्र नसेल तर तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई हयात असतील तर त्याही वारस. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील नेमकं इथेच बोट ठेवेल. बाकीच्यांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या, नाहीतर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या लागतील. मुलगा पुढच्या वेळी पुण्याला येईल तेव्हाच उरकून घ्या. मूळ करारनामा, भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), महापालिकेची करपावती आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला एका फायलीत लावा.

घर २००१ पूर्वीचं आहे, तेव्हा विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ती त्या दिवसाच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, एवढंच. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून तसा अहवाल घ्या आणि टोकन स्वीकारण्याआधी सीएला दाखवा.